मऊ म्हणजे नेमकं किती मऊ? मखमल, तिची निगा आणि संशोधनाचा प्रश्न



पीएच.डी.ची तयारी करणाऱ्या बहुतेकांची अडचण एकच असते. विषय डोक्यात असतो, पण प्रश्न सापडत नाही. "मला कापडावर काम करायचंय", "मला प्रदूषणावर काम करायचंय" असं आपण सांगतो, आणि मुलाखतीत समोरचे सर विचारतात, "म्हणजे नेमकं काय मोजणार?" तिथे गाडी अडते. आज आपण हाच प्रवास, म्हणजे विषयापासून प्रश्नापर्यंतचा, एका साध्या वस्तूवर करून बघू. ती वस्तू आहे मखमल. गणपतीच्या मखराला मागे लावतो ते कापड, दागिन्यांच्या डबीतलं अस्तर, सोफ्याचं कव्हर, आणि थंडीत अंगावर घेतो ते लवदार मिंक ब्लँकेट, सगळं याच घराण्यातलं.

लव आधी समजून घ्या

मखमलीचा सगळा खेळ लवेत आहे. साध्या कापडात दोनच प्रकारचे धागे असतात: उभा ताणा आणि आडवा बाणा. मखमलीत तिसरा धागा येतो. तो पायाच्या कापडातून वर उभा राहतो आणि त्याची टोकं कापलेली असतात. ही उभी टोकं म्हणजे लव. मागावर बऱ्याचदा दोन कापडं समोरासमोर एकाच वेळी विणतात, लवेचा धागा दोघांमध्ये ये-जा करतो आणि मधोमध पातं फिरून दोन्ही कापडं वेगळी होतात. एका विणकामात मखमलीचे दोन ताव. धागा कापलाच नाही तर फासे राहतात, तो झाला आपला अंघोळीचा टेरी टॉवेल. लव आडव्या धाग्याची असेल तर व्हेल्व्हेटीन, विणण्याऐवजी गुंफलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडावर असेल तर व्हेलूर, आणि लांब असेल तर प्लश. दुकानात मात्र सगळ्यालाच "वेल्वेट" म्हणतात. शोधनिबंधात तसं चालत नाही. तुम्ही कोणत्या कापडावर काम केलं हे नीट सांगितलं नाही, तर दुसरा कोणी तुमचा प्रयोग पुन्हा करून बघूच शकत नाही.

आता मऊपणा कुठून येतो? तंतू बारीक असण्यातून. गोल तंतू वाकायला किती विरोध करतो हे त्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. व्यास निम्मा केला की विरोध सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून एकाच पॉलिएस्टरपासून ब्रशचे ताठ केसही बनतात आणि गालाला लावावंसं वाटणारं ब्लँकेटही. ऊब येते ती लवेत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. रंग गडद-फिका दिसतो तो लवेच्या कलामुळे: कलाच्या दिशेने हात फिरवला की कापड उजळ दिसतं, उलट फिरवला की गडद. अनुभवी शिंपी मखमलीचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेततात, म्हणून कापडही थोडं जास्त मागतात. तसं केलं नाही तर एकाच ताग्यातून शिवलेला ब्लाउज दोन रंगांचा वाटतो.

पण "मऊ" मोजायचं कसं?

इथून संशोधन सुरू होतं. "हे कापड मऊ आहे" हे मत झालं. मताला मापात आणायची पहिली गाजलेली खटपट मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमधल्या एफ. टी. पीअर्स यांनी केली. कापडाचा स्पर्श ही मोजता येणारी गोष्ट आहे, असं सांगणारा त्यांचा निबंध १९३० सालचा आहे. त्यांची एक पद्धत इतकी साधी आहे की तुम्ही घरी करू शकता.

कापडाची २.५ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब पट्टी घ्या. टेबलाच्या कडेवरून ती हळूहळू पुढे सरकवा. पुढचं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकेल. टेबलाच्या कडेपासून त्या टोकापर्यंतची रेषा आडव्या पातळीशी ४१.५ अंशांचा कोन करेल तिथे थांबा. कोनमापक नसेल तर पुठ्ठ्यावर आडवे १० सेंटिमीटर आणि खाली ८.८ सेंटिमीटर असा त्रिकोण काढून टेबलाच्या बाजूला चिकटवा, कोन जवळपास तोच येतो. बाहेर आलेल्या पट्टीची लांबी मोजून तिचं निम्मं करा. ही झाली वाकण्याची लांबी, इंग्रजीत जिला बेंडिंग लेंग्थ म्हणतात. ती जितकी कमी, तितकं कापड लवचीक.

आता थोडं थांबा आणि विचार करा. मखमलीचा मऊपणा या प्रयोगात खरंच मोजला गेला का?

नाही. इथे प्रामुख्याने मोजला गेला तो पायाच्या कापडाचा ताठपणा आणि वजन. सोफ्याची मखमल मागून जाड, ताठ असते, पण हात फिरवला तर लोण्यासारखी लागते. या प्रयोगात ती "कडक" ठरेल. आकडा बरोबर आहे, पण तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. यालाच मापनाची वैधता म्हणतात. नेटच्या पेपरला तुम्ही वैधता आणि विश्वसनीयता यांच्या व्याख्या पाठ करता ना, त्याचं हे हातात धरता येणारं उदाहरण. पट्टी दहा वेळा सरकवून दहाही वेळा सारखं उत्तर आलं तर माप विश्वसनीय आहे. तरीही लवेच्या मऊपणाचं माप म्हणून ते वैध नाही.

ही अडचण जपानमध्ये क्योटो विद्यापीठाचे सुएओ कावाबाता यांनी वेगळ्या रीतीने सोडवली. १९७२ साली तिथे कापडाचा स्पर्श ठरवण्यासाठी तज्ज्ञांची समिती बसली. वर्षानुवर्षं हाताने कापड पारखणारी माणसं नेमकी काय पारखतात हे आधी शब्दांत बांधलं गेलं: ताठपणा, गुळगुळीतपणा, भरीवपणा वगैरे. मग प्रत्येकासाठी मोजता येणारे गुणधर्म ठरले: ताणणं, वाकवणं, तिरकं सरकवणं, दाबणं, पृष्ठभागाचं घर्षण, आणि जाडी व वजन. अशी सोळा मापं मिळून कावाबाता पद्धत, म्हणजे केईएस, तयार झाली. मखमलीसाठी यातलं दाबण्याचं माप फार बोलकं आहे. किती दाबली जाते, आणि दाब काढल्यावर किती परत उभी राहते.

यातून घ्यायचा धडा असा: आधी अनुभवी माणसाला विचारा, मग यंत्राकडे जा. कापडबाजारातला जुना दुकानदार चिमटीत कापड धरून जे सांगतो ते अडाणीपणाचं नसतं. त्याच्या बोटांना माहीत असलेलं अजून आपल्या तक्त्यात उतरलेलं नसतं, इतकंच.

निगा: प्रत्येक सूचनेमागे एक कारण

निगेच्या सूचना सगळीकडे मिळतात. संशोधकाने प्रत्येक सूचनेला "का?" विचारायचं. चला, विचारू.

घासू नका, टिपून घ्या. चहा सांडला तर कोरड्या सुती फडक्याने वरून दाबून टिपा. घासल्याने ओली लव आडवी होते, एकमेकींत गुंतते आणि तशीच वाळते. डाग निघतो, पण चट्टा राहतो.

इस्त्री थेट फिरवू नका. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या कितीतरी आधी, ७० ते ८० अंशांच्या आसपास, त्याची आतली रचना सैल पडू लागते. या तापमानाच्या वर दाबलेली लव थंड झाली की त्याच आकारात बसते. इस्त्रीच्या टोकाचा चकचकीत ठसा जात नाही तो यामुळे. उपाय याच गुणातून निघतो: कापड टांगून मागच्या बाजूने वाफ द्या आणि लव मऊ ब्रशने कलाच्या दिशेने उभी करा. इस्त्री करायचीच असेल तर खाली टॉवेल पसरून त्यावर मखमल पालथी ठेवा, म्हणजे लवेला बसायला जागा राहते.

आधी तंतू ओळखा. सुती मखमल, रेशमी मखमल, व्हिस्कोस आणि पॉलिएस्टर यांना एकच नियम लावता येत नाही. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते, म्हणून ते पिळणं म्हणजे कापड मुद्दाम फाडणं. रेशमी मखमल ड्रायक्लीनलाच द्यावी. ओळख पटत नसेल तर शिवणीच्या आतला एक-दोन धागे चिमट्यात धरून, पाण्याची वाटी शेजारी ठेवून जाळून बघतात: सूत आणि व्हिस्कोस कागदासारखं जळून मऊ राख देतं, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून कडक मणी तयार होतो.

पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. हा मुद्दा नवी मुंबईकरांसाठी खास. प्रमाण हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेत, सूत आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून ठेवतं, रेशीम ११ टक्के, व्हिस्कोस त्याहूनही थोडं जास्त. पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या या शहरात आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर राहते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. सुती मखमलीत तर खाद्यही तयार असतं, सेल्युलोज. पॉलिएस्टर बुरशी सहज खात नाही, पण लवेत बसलेली धूळ, घाम, अत्तर आणि तेल खाते. म्हणून मखराची मखमल विसर्जनानंतर माळ्यावर टाकताना आधी नीट झटका, पंख्याखाली पूर्ण वाळवा, घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा आणि जुन्या सुती चादरीत बांधा. घडीवर वर्षभर वजन राहिलं की पुढच्या चतुर्थीला नेमकी मूर्तीच्या मागेच पांढरट रेघ दिसते.

आर्द्रतेचा हा मुद्दा प्रयोगालाही लागू आहे. जुलैत नेरुळच्या खोलीत केलेली मोजमापं आणि डिसेंबरात पुण्यात केलेली मोजमापं एका तक्त्यात मांडता येत नाहीत. सुती कापड ओलावा धरून वजन आणि वाकण्याची तऱ्हा दोन्ही बदलतं. म्हणून भारतीय मानकात कापड तपासण्याआधी ते ६५ टक्के आर्द्रतेत आणि २७ अंश सेल्सिअसला ठेवायला सांगतात. थंड देशांतल्या निबंधांत २० अंश दिसतील. तुलना करण्याआधी तेवढी ओळ वाचायला विसरू नका. आपल्याकडे अशी सोय असलेल्या प्रयोगशाळा दूर नाहीत: घाटकोपरला १९५४ पासून असलेली बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशन आहे, माटुंग्याला आयसीटी आणि व्हीजेटीआय आहेत. हार्बर लाईनचा पास असला की निम्मं काम झालं.

धुण्याच्या पाण्यातून काय जातं?

आतापर्यंत आपण कापड जपत होतो. आता त्याची दुसरी बाजू बघू.

लवदार पॉलिएस्टर धुतलं की त्यातून बारीक तंतू सुटतात. ते प्लास्टिकच असतात. २०१६ साली इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या नॅपर आणि थॉमसन यांनी अंदाज मांडला की ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यातून अॅक्रिलिकचे ७ लाखांहून जास्त, पॉलिएस्टरचे जवळपास ५ लाख आणि पॉलिएस्टर-कॉटन मिश्रणाचे सुमारे १ लाख ३८ हजार तंतू सुटू शकतात. २०१८ साली इटलीतल्या डी फाल्को आणि सहकाऱ्यांनी ५ किलो पॉलिएस्टरच्या धुण्यासाठी ६० लाखांहून जास्त हा आकडा दिला.

पहिल्याचा हिशेब किलोला सुमारे ८३ हजार, दुसऱ्याचा किलोला १२ लाख. चौदा पटींचा फरक! मग खोटं कोण?

नव्या विद्यार्थ्याचा पहिला मोह असतो जो आकडा मोठा तो सिनॉप्सिसमध्ये टाकायचा. तसं करू नका. दोन्ही निबंध उघडा आणि चार गोष्टी तपासा. कापड कोणतं होतं, विणलेलं की गुंफलेलं? कोणती पावडर, किती तापमान? गाळणीची छिद्रं किती बारीक होती? जाड गाळणीतून जे निसटतं ते मोजलंच जात नाही. आणि तंतू मोजले कसे? लाखो तंतू कोणी एकेक करून मोजत नाही. वजनावरून किंवा गाळणीच्या छोट्या भागावरून हिशेब करतात, आणि हिशेबाची रीत बदलली की आकडा बदलतो. दोघेही प्रामाणिक असून उत्तरं वेगळी येऊ शकतात. साहित्याचा आढावा घेणं म्हणजे हा फरक समजावून सांगणं. निबंधांची यादी देऊन ते होत नाही.

याहून मोठा धक्का २०१९ साली न्यूकॅसल विद्यापीठाच्या अभ्यासाने दिला. नाजूक कपड्यांसाठी वॉशिंग मशीनवर "डेलिकेट" बटण असतं आणि मखमलीसाठी सगळे तेच सुचवतात. त्या बटणावर ढोल हळू फिरतो, पण पाणी जास्त घेतलं जातं. अभ्यासात असं दिसलं की तंतू सुटण्यामागे कपड्याच्या मानाने पाणी किती, याचा वाटा मोठा आहे. नेहमीच्या धुण्यापेक्षा डेलिकेटमध्ये सरासरी ८ लाख तंतू जास्त सुटले. म्हणजे जी गोष्ट कापडासाठी हळुवार, तीच पाण्यासाठी भारी.

सॉफ्टनरचंही तसंच. डी फाल्को यांना सॉफ्टनर वापरल्यावर तंतू ३५ टक्क्यांहून जास्त कमी सुटलेले दिसले. प्लिमथच्या अभ्यासात मात्र वेगवेगळ्या धुण्यांत परिणाम वेगवेगळे आले. शिवाय सॉफ्टनरचा थर तंतूंवर बसतो आणि कापडाचं पाणी शोषणं कमी करतो. "सॉफ्टनर चांगला की वाईट?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही. "कशासाठी चांगला?" असं विचारलं तर आहे.

हे सगळं नवी मुंबईत का महत्त्वाचं? आपल्या मोरीतलं पाणी मलनिस्सारण केंद्रांत शुद्ध होतं आणि शेवटी ठाणे खाडीकडे जातं. अशा केंद्रांत बरेचसे तंतू गाळात अडकतात, उरलेले पाण्याबरोबर पुढे जातात. एका घराचे उरलेले नगण्य वाटतील, पण शहर लाखो घरांचं आहे. आणि गाळात अडकले म्हणजे संपले असं नाही, तो गाळ पुढे कुठे जातो हा वेगळा प्रश्न. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखल-पाणी गाळून खातो. आपली गाळणी जे सोडते ते त्याच्या गाळणीसमोर येतं.

मग करायचं काय?

घरापुरतं उत्तर साधं आहे. लवदार कपडे गरज असेल तेव्हाच धुवा, एरवी झटका, ब्रश करा, हवा द्या. धुवायचे तर उलटे करून, गार पाण्यात, थोडा वेळ, आणि ढोल पुरेसा भरून. एकच ब्लँकेट भरपूर पाण्यात खळबळवणं टाळा. वाळल्यावर निघालेला झुपका मोरीत सोडू नका, कचऱ्यात टाका. आणि नवं घेण्याआधी आहे तेच जास्त वर्षं टिकवा.

संशोधकापुरतं उत्तर मात्र अजून लिहायचं आहे, आणि ते तुमच्यापैकी कोणी लिहू शकतं. वर सांगितलेले अभ्यास युरोपातले आहेत. तिथे समोरून उघडणारी मशीन जास्त आहेत. आपल्याकडे वरून उघडणारी भरपूर, ती पाणीही जास्त घेतात. शिवाय बादलीत भिजवणं, ब्रशने घासणं, धोपटणं, हाताने पिळणं. पानिपतचं मिंक ब्लँकेट मोरीत पायाने तुडवून धुतलं तर किती तंतू सुटतात? बघा, हा प्रश्न झाला. कापड ठरलेलं, कृती ठरलेली, मोजायचं काय ते ठरलेलं. "मला प्रदूषणावर काम करायचंय" इथपासून आपण इथवर आलो.

या आठवड्यासाठी एक काम देते. घरातलं कोणतंही लवदार कापड घ्या. त्यावर एक किलोचं पुस्तक रात्रभर ठेवा. सकाळी पुस्तक काढल्यावर लगेच, एका तासाने आणि एका दिवसाने दबलेल्या जागेची जाडी पट्टीने मोजा. शक्य नसेल तर एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढा. खोलीतलं तापमान, आर्द्रता, कापडाचं वय, शेवटचं धुणं कधी झालं, सगळं वहीत लिहा. मग एका वाक्यात तुमचा प्रश्न लिहा. त्या वाक्यात "मऊ", "चांगलं", "जास्त" असे शब्द आले तर ते खोडा आणि त्यांच्या जागी माप लिहा.

पुढच्या लेखात आपण या वहीतल्या आकड्यांचं काय करायचं ते बघू. किती वेळा मोजलं म्हणजे पुरे, हा प्रश्न तुमच्या मनात तोवर आलेलाच असेल.